वळचणीचं ताट

बपेऱ्याहून झिंगे आले आणि घात झाला. आता झिंग्यांचा त्यात काय दोष म्हणा! दोष सगळा बुधरामबाबांच्या जिभेचा. पुतण्या डबाभर झिंगे देऊन गेला. बाबांनी अर्धे दुपारी हाणले आणि उरलेले उशाशी लपवले, कारण डबा ज्योत्सनाच्या हाती लागला की ती सगळ्यांना वाटून टाकते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पोळा होऊन गेलेला, अंगाची नुसती चिकचिक होणारी उमस, त्यात रात्रभर उशाशी राहिलेला डबा. सकाळी चहासोबत बाबांनी तो रिकामा केला. दुपारी बाबा संडासात, आणि दाराबाहेर बादली घेऊन ज्योत्सना!

"अवो बाबा, जीव देता का झिंग्यासाठी?"

"चांगले होते पन," आतून आवाज आला.

मोहाडी मागे पडून धानाच्या बांध्या लागल्या की उजव्या हाताला 'आसरा' आहे. देवाजी गुरुजींनी निवृत्तीनंतर स्वतःच्या घराचाच वृद्धाश्रम केला. दोन लांब खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओसरी, मागे एक छोटी खोली. राहणारी म्हातारी माणसं आठ-दहा. गुरुजी स्वतः आताशा मुलाकडे नागपूरला असतात आणि आश्रम फोनवरून चालवतात. इथं हातानं चालवायला ज्योत्सना. आली होती स्वयंपाकाला. पण कुणाचं औषध चुकलं, कुणी पडलं, कुणी रुसलं, असं करता करता सगळंच तिच्या गळ्यात आलं. तिचा नवरा लिलाधर तलावात जाळं टाकतो, आणि हिला घरी यायला उशीर झाला की भात टाकून ठेवतो. ज्योत्सना तोंडानं फटकळ. म्हाताऱ्यांना ओरडते, पण एकाही म्हाताऱ्याला तिच्याशिवाय घास जात नाही.

तिच्या मनात एक भीती कायमची घर करून बसलेली होती. कोरोनाच्या साली आसऱ्यातली दोन माणसं गेली. तिनं ज्यांना हातानं भरवलं, त्यांचं तोंडसुद्धा शेवटी तिला पाहायला मिळालं नाही. ॲम्ब्युलन्स आली, प्लास्टिकात गुंडाळलं, गेली. तेव्हापासून कुणी नुसतं शिंकलं तरी ज्योत्सना थर्मामीटर शोधू लागे. त्या वर्षी जे जे शिकली ते ते तिनं जपून ठेवलं होतं. वेगळी खोली, वेगळं ताट, लांब उभं राहायचं, लांबून वाढायचं. हगवण एका म्हाताऱ्याला लागली की आख्ख्या घराला लागायला वेळ लागत नाही, हे तिला कळत होतं, आणि म्हाताऱ्या शरीरातलं पाणी गेलं की माणूस जातो, हेही.

म्हणून बाबांना तिनं सरळ मागच्या खोलीत हलवलं. मागचा संडास फक्त त्यांना. एका ताटाच्या कडेला डिंपलची, म्हणजे तिच्या पोरीची, लाल नेलपॉलिश लावून खूण केली, गिलासालाही केली. जेवण झालं की बाबांनी ताट आपणच मोरीत विसळायचं, आणि खोलीबाहेर छपराच्या वळचणीला खिळा होता, त्याला पिशवीत घालून टांगायचं. म्हणजे चुकून इतर भांड्यांत मिसळायचं नाव नको. पाणी पाजायचं तर ज्योत्सना उंबऱ्याबाहेर उभी राहून पाण्याच्या जगमधून वरून धार सोडी, बाबा खाली गिलास धरत. भाकर टाकायची तीही वरून. या व्यवस्थेचा तिला केवढा अभिमान! वळचणीला टांगलेल्या ताटाचा फोटो काढून तिनं गुरुजींना पाठवला. गुरुजींनी अंगठा पाठवला.

बाबांना तर ही व्यवस्था मानवलीच. "मले जावयावानी वाटून राह्यलं," ते खिडकीतून ओरडून सगळ्यांना सांगत. "येगळी खोली, येगळं ताट, अन् बाई हातात जग घेऊन उभी!"

बाबा बरे झाले. ज्योत्सनानं खोली ब्लिचिंग पावडरनं धुतली, हुश्श केलं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मंगलाबाई चहाचा कप खाली ठेवून उठल्या त्या थेट मोरीवर जाऊन ओकल्या.

घरातल्या सगळ्यांत नेमक्या मंगलाबाई!

आता मंगलाबाई कोण, ते सांगितलं पाहिजे. त्यांचा नवरा वरठीला कारखान्यात कामाला होता, तो वारला. मुलगा अंकुश हैदराबादला चांगल्या नोकरीत. त्यानं आईला नेलंही होतं, पण सातव्या मजल्यावर हिचा जीव रमेना. "खाली पाह्यलं का भोवळ, वर पाह्यलं का छत. मानूस कुठं पाहीन?" असं म्हणून त्या परत आल्या आणि आपण होऊन आसऱ्यात राहिल्या. उशाशी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, पांढरं पातळ, पाठ ताठ. बोलणं कमी, पण बोलल्या की समोरचा गप्प. आणि याच मंगलाबाई संध्याकाळी ओसरीवर ज्योत्सनाला पुढ्यात बसवून तिच्या डोक्याला तेल लावत. आई गेल्यापासून ज्योत्सनाच्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. त्या तेलाच्या वेळी ज्योत्सनाची बडबड बंद होई. बाकी दिवसभर तिचं तोंड कुणी बंद करून दाखवावं!

"तुमाले कुठून लागलं मावशी? तुमी तं बाबाइच्या खोलीकडं गेल्याही नाही!"

बोलले ते बाबाच, आणि तेही मान खाली घालून. बरे व्हायच्या आधीच त्यांनी मागच्या खिडकीतून मंगलाबाईंना तंबाखू-सुपारीचा खर्रा दिला होता. पन्नीतला खर्रा तळहातावर ओतला, बोटानं सारखा केला आणि चिमूटभर त्यांच्या हातावर ठेवला. रोजच्यासारखंच. मंगलाबाईंचं हे एवढं एकच व्यसन, आणि ते घरात फक्त बाबांना माहीत.

"खर्रा!" ज्योत्सना कडाडली. "त्या हातानं? संडासातून आलेल्या हातानं खर्रा चारला तुमी त्याइले? आता तुमच्या हातात मीच राख घालते, थांबा!"

बाबा दिवसभर खाटेवरून उठले नाहीत. संध्याकाळी उठून शरमेनं त्यांनी खर्ऱ्याची पन्नी उकिरड्यावर फेकली, म्हणजे बघा.

मंगलाबाई मागच्या खोलीत गेल्या. तीच व्यवस्था, तोच खिळा. फक्त ताट नवीन, त्याच्या कडेला लाल खूण नवीन. ज्योत्सनानं तर या खेपेला जास्तच काळजी घेतली, कारण या खेपेला तिचा जीव जास्त गुंतलेला होता. ती उंबऱ्यापासून आणखी एक पाऊल मागे उभी राहू लागली. भात वाढताना चमच्याला ताट लागू दिलं नाही. मंगलाबाईंनी गिलास धरला, तिनं वरून धार सोडली. मंगलाबाई त्या धारेकडे पाहत राहिल्या. मग गिलास तसाच भरलेला खाली ठेवला.

"प्या ना मावशी."

"पेते मंग."

प्यायल्या नाहीत. ज्योत्सनाला वाटलं, मळमळत असेल. दुपारी भात तसाच, संध्याकाळी पाणी तसंच. उलट्या थांबल्या, पण हगवण चालूच, आणि वरून पोटात थेंब नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर मंगलाबाईंचे डोळे खोल गेलेले, ओठांवर पापुद्रे. तिनं सरकारी दवाखान्यातल्या सरिता सिस्टरला फोन लावला.

सरिता खेड्यापाड्यांच्या फेरीला निघाली होती, ती वाटेत स्कूटी वळवून आली. आत शिरली, मंगलाबाईंच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"लघवी झाली का आजी?"

मंगलाबाईंनी मान हलवली. नाही.

सरितानं बाहेर येऊन ज्योत्सनाला बाजूला घेतलं. "हे पाह्य, ओआरएस पाजत राह्य. घोट घोट पाज, पण पाज. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तं थांबू नको, सरळ भंडाऱ्याले ने, सलाईन लावा लागन. किडनीवर गेलं तं या वयात माणूस हातचा जाते. वेगळं ठेवलं हे चांगलं केलं. हात धुवत जा." एवढं सांगून ती घाईनं निघून गेली. पुढच्या गावी तिची वाट पाहत होते.

माणूस हातचा जाते! हे एकच वाक्य ज्योत्सनाच्या कानात घुमत राहिलं. तिनं गुरुजींना फोन केला, गुरुजींनी मोहाडीच्या मंगेशला सांगून संध्याकाळी गाडी तयार ठेवायला लावली. ज्योत्सनानं जगमध्ये ओआरएस कालवलं आणि उंबऱ्यापाशी गेली.

"मावशी, गिलास पुढं करा. वरून सोडते."

मंगलाबाई भिंतीकडे तोंड करून निजलेल्या. "नाही पायजे मले."

"काहून नाही पायजे? सिस्टर काय म्हने, आयकलं ना तुमी?"

"आयकलं."

"मंग?"

ज्योत्सनानं गोडीनं सांगून पाहिलं, अंकुशला फोन करते म्हणून धमकावून पाहिलं, बाबासाहेबांची शपथ घालून पाहिली. ती शपथ ऐकल्यावर मात्र मंगलाबाईंच्या खांद्याला एक हिसका बसला. ज्योत्सनाचा धीर सुटला. भीती वाटली की ती रागावते, हा तिचा जुना स्वभाव.

"मराचं आहे का तुमाले? सांगा ना एकदाचं! बुधरामबाबा राह्यले ना याच खोलीत? असंच जेवले, असंच पानी पेले, त्याइले काही झालं नाही. तुमालेच कोनतं सोन्याचं ताट पायजे?"

मंगलाबाईंनी तोंड फिरवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा येत नव्हतं, शरीरात असेल तर येईल ना.

"बुधरामले काय समजते," त्या हळू म्हणाल्या. "त्याच्या मायले कोनी वरून पानी नाही पाजलं."

ज्योत्सनाला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. ती जग हातात धरून तशीच उभी राहिली.

"मी लहान होती. माय दुसऱ्याच्या बांधीत धानाचा रोवना करे. तहान लागली का शेताच्या धुऱ्यावर बसाचं, दोन्ही हात तोंडाशी धराचे, अन् मालकाची बाई वरून पानी सोडे. गडवा हाताले लागला नाही पायजे. लागला का तो जळत्या इस्तवात घालून शुद्ध करे. चहा भेटे तं करवंटीत. पेल्यावर ते करवंटी आपनच धुवाची, अन् गोठ्याच्या वळचनीले खोसून ठेवाची, दुसऱ्या दिवशी आपली आपन काढून घ्याची." बोलता बोलता त्यांना दम लागला, त्या थांबल्या. "मंग बाप नागपूरले गेला, दीक्षा घेऊन आला. घरात पाय ठेवला अन् पह्यले जाऊन त्या करवंट्या काढून आनल्या. मायची अन् माही. चुलीत घातल्या. म्हने, आजपासून आपल्यातलं कोनी असं पानी पेनार नाही. मी पेली नाही पोरी. येवढी जिनगानी गेली, कोनाच्याच घरी नाही पेली. अन् आता तू माहं ताट वळचनीले टांगलं."

ज्योत्सनानं जग खाली ठेवला.

"मावशी, माह्या मनात तसं काही... आईशप्पथ... रोग आहे म्हनून केलं मी."

"मालूम आहे मले. तुह्या मनात नाही. म्हनून तं बोलली नाही." मंगलाबाईंनी डोळे मिटले. "मी बी मनाले लय समजावलं. म्हटलं, पोरगी आपल्याच जिवासाठी करून राह्यली, पे ना बाई. गिलास तोंडाशी नेते, पन घसाच बंद होते. मी का करू? रोग म्हनून येगळं ठेवलं, तू म्हनतं. तेव्हा त्याइले आमीच रोग होतो."

ज्योत्सना मागे सरली. मागे सरली ती वळचणीशीच आली, आणि ताट तिच्या डोक्याला लागलं. वाऱ्यानं पिशवी हलत होती. या ताटाचा आपण फोटो काढला! गुरुजींना पाठवला! तिला स्वतःची अशी लाज वाटली की कुणी तरी आत्ता येऊन आपल्या दोन मुस्काटात द्याव्यात, असं झालं. ज्या बाईनं आपल्या डोक्याला तेल लावलं, तिला आपण लांबून धार सोडत होतो. त्यात आपल्याला हुशारी वाटत होती. आणि ती बिचारी, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून, तहानेनं तडफडत गप्प पडून राहिली.

पण लाज वाटून काय होणार? रोग तर होताच. आत गेली, शिवली, आणि तोच रोग पुढच्या खोलीत घेऊन गेली तर? पुढे आठ-नऊ म्हातारी माणसं, त्यांतल्या दोघांचं हृदय अधू. कोरोनातली ती ॲम्ब्युलन्स तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. एकीला वाचवायला गेलं तर बाकीचे मरतील, आणि बाकीच्यांना वाचवायला गेलं तर ही. ती मोरीपाशी बसली आणि सरिताला फोन लावला. जे झालं ते सगळं भडाभडा सांगितलं.

"तुले वरून ओताले कोणी सांगितलं?" सरितानं विचारलं.

"कोरोनात सांगितलं होतं ना, लांबून..."

"अवं माय, तो कोरोना होता! तो श्वासातून येत होता. हे हगवणीचं आहे. हे हातातून तोंडात जाते, तुह्या बाबाच्या खर्ऱ्यातून गेलं तसं. संडास वेगळा ठेवला ना? बस. घाण काढताना हातमोजे घाल, उलटी होत असन तं तोंडाले बांध, फरशीले ब्लिचिंग. ताट साबणानं, गरम पाण्यानं नीट घासलं का मांडणीवर सगळ्यांच्यात ठेव. अन् आत जाताना साबणानं हात धू, बाहेर आल्यावर धू. झालं."

"म्हनजे मी... शिवू शकते का त्याइले?"

"शिव ना बाई! बस तिच्याजवळ, मांडीवर डोकं घेऊन पाज!"

"मंग सकाळी काहून नाही सांगितलं तुमी?" ज्योत्सना एकदम उसळली.

"तू वरून धार सोडून राहिली, हे मले काय माहीत! मी म्हटलं ना, हात धुवत जा." मग सरिताचा आवाज खाली आला. "चुकलंच माहंही. टांगलेलं ताट मी पाह्यलं होतं येताना. डोक्यातच नाही आलं."

ज्योत्सनानं फोन ठेवला आणि ती पिशवी खिळ्यावरून ओरबाडून काढली. ताट घासायला बसली. लाल खूण निघेना. राखेनं घासली, तारेच्या घासणीनं घासली, नखानं खरवडली, तरी तांबूस डाग राहिलाच. जाऊ दे चुलीत! तिनं मांडणीवरची सगळी ताटं, सगळे गिलास काढले, मोठ्या गंजात पाणी उकळलं आणि साबणाच्या कढत पाण्यातून एकजात सगळी भांडी काढली. त्यातलंच हाताला आलं ते ताट घेतलं. मीठ घालून तांदळाची पातळ पेज केली. ओआरएस नवीन कालवलं. कोपरापर्यंत हात धुतले. उंबऱ्यापाशी तिचे पाय सवयीनं थबकले, पण ती आत गेली आणि खाटेच्या काठावर बसली. खाट करकरली.

मंगलाबाईंनी डोळे उघडले. "येवढी जवळ काहून आली? तुले होईन ना."

"नाही होत. सिस्टरले विचारलं. लांब राहाची गरजच नव्हती मावशी. मी येडी, मी उगाच कोरोनाचं घेऊन बसली. हात धुतले का झालं." तिनं त्यांच्या मानेखाली हात घातला. मान केवढी हलकी लागली! "माहं चुकलं."

ज्योत्सनानं चमचा ओठांशी नेला. ओठ मिटलेलेच. तिला वाटलं, संपलं, आता काही उपयोग नाही. तिला रडूच फुटलं, आणि ती मोठ्यानं रडणारी बाई, तिला मुळूमुळू रडता येत नाही. ओसरीवरून बाबांनी हाक मारली, "काय झालं वो?"

"रडू नको," मंगलाबाई म्हणाल्या. "माफी बी नको मागू. मले राग येऊन राह्यला अजून."

"येऊ द्या. पेऊन मंग रागवा."

मंगलाबाईंनी तोंड उघडलं. पहिला चमचा घशात अडला, खोकला आला, अर्धं पातळावर सांडलं. दुसरा गेला. ज्योत्सना घशाची ती हालचाल पाहत होती. तिसरा गेला. मग ती चमच्यामागून चमचा देत राहिली, मध्ये पेजेचे दोन घोट दिले, थांबली, पुन्हा दिलं. अर्धा गिलास गेला, पुढे अख्खा. उलटून पडलं नाही. हात अवघडला तरी तिनं मानेखालून काढला नाही.

आता उरली होती फक्त लघवी. हसू नका, त्या दिवशी आसऱ्यात दुसरा विषयच नव्हता. बाबा ओसरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत, "झाली का?" जेवताना कुणी तरी विचारलं, "झाली का?" नागपूरहून गुरुजींचा फोन आला, गुरुजी संकोची माणूस, ते म्हणाले, "ज्योत्सना, ते... झालं का?" नाही झालं. ऊन कलायला लागलं. मंगेश गाडी घेऊन फाटकाशी येऊन उभा राहिला. ज्योत्सनानं मंगलाबाईंची दोन पातळं पिशवीत भरली, आधार कार्ड शोधलं. आता भंडारा. आता पुन्हा तेच, आपल्या हातातून माणूस गाडीत घालून पाठवायचं. तिनं पिशवीची गाठ मारली.

"ज्योत्सना," आतून हाक आली. "उठव मले."

"काय झालं?"

"काय झालं काय! उठव लवकर. बाहेर जाचं आहे."

ज्योत्सना पिशवी टाकून धावली. मंगलाबाईंना तिनं कमरेला मिठी घालून उठवलं, त्यांचा हात आपल्या गळ्यात घेतला आणि पावलं टाकत मागच्या संडासापर्यंत नेलं. आत बसवलं. दार लोटून बाहेर उभी राहिली. बाबा ओसरीच्या टोकाला येऊन मान लांब करून उभे.

"झाली का वो?"

"चुप बसा ना बाबा!"

आणि मग आतून तो आवाज आला. बारीक, थांबून थांबून, पण आला. ज्योत्सनानं पदर तोंडाशी धरला. लिलाधरनं लग्नात मंगळसूत्र बांधलं तेव्हाही तिला एवढा आनंद झाला नव्हता, खोटं कशाला बोलायचं! "मंगेशभाऊ," ती फाटकाकडे ओरडली, "जा तुमी घरी! गाडी नाही लागत!"

बाबांनी दोन्ही हात जोडले, कुणाला जोडले ते त्यांनाच माहीत.

मंगलाबाई बाहेर आल्या त्या तिच्या अंगावर भार टाकूनच. दोघी मोरीच्या नळापाशी आल्या. एका हातानं ज्योत्सनानं त्यांचा हात घट्ट धरला होता, दुसऱ्या हातानं तिनं नळ सोडला. साबण समोरच होता. आणि साबणाकडे गेलेला तिचा हात मध्येच थांबला. आत्ता यांना धरलं, आणि आत्ता यांच्याच डोळ्यांदेखत हात धुवायचे? यांना शिवून? सकाळचं सगळं ऐकल्यावर? नको. आधी यांना निजवू, मग गुपचूप येऊन धुऊ. तिनं नळ बंद केला.

"थांबली काहून?" मंगलाबाई म्हणाल्या.

"काही नाही. मंग धुते."

"मंग कायले? याच हातानं सयपाकात जाशीन. तठी बुढे भुकेनं बसून आहेत."

"तुमाले वाईट वाटन म्हनून..."

मंगलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांची पाठ अजून वाकलेली होती, पण नजर नेहमीची.

"अवं येडे," त्या म्हणाल्या, "त्या मालकाच्या बाया हात धुतच नव्हत्या. आमाले धराच लागे नाही त्याइले, तं धुतीन कायले? तू धरून आनलं मले. आता धू."

त्यांनी स्वतःच नळ सोडला.

"अन् साबन दे इकडं. मले बी धुवाचे आहेत."